गाडी ओढत नाही म्हणजे इंजिन गेलं असं नाही

जुन्या गाडीच्या मालकाची तक्रार साधारण एकाच वळणाची असते. गाडी ओढत नाही, पिकअप गेलाय, पूर्वी तिसऱ्यावर चढणारा घाट आता दुसऱ्यावर चढावा लागतो. गॅरेजमधून येणारं उत्तरही बऱ्याचदा ठरलेलं असतं: इंजिन काम निघालंय. गाडी वीस वर्षांची, किलोमीटर लाखाच्या वर, म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीची दाब धरणारी कडी) गेल्या असणार, हा हिशोब ऐकायला पटतो आणि माणूस एक तर मोठ्या खर्चाला तयार होतो, नाही तर गाडी भंगारात काढतो. मला याचंच वाईट वाटतं. ताकद कमी होण्याची बहुतेक कारणं इंजिनाच्या बाहेर असतात, स्वस्त असतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, न उघडता शोधता येतात. फक्त ती ठरावीक क्रमाने शोधावी लागतात. 'आधी हा पार्ट बदलून बघू' या पद्धतीने पैसे जातात आणि मूळ दोष गाडीत तसाच राहतो.

उदाहरणासाठी मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हातात गेली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, आधी कार्बोरेटरवर (हवा-पेट्रोल मिसळणारं साधं यंत्र) आणि २००० च्या सुमारापासून एमपीएफआयवर (कॉम्प्युटरने चालणारे पेट्रोलचे इंजेक्टर), त्यामुळे दोन्ही पिढ्यांचे दोष या एकाच गाडीत पाहायला मिळतात. शिवाय बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं. खाली जे सांगितलंय ते झेन, एस्टीम, जुनी सँट्रो, पद्मिनी अशा कुठल्याही पेट्रोल गाडीला थोड्याफार फरकाने लागू पडतं.

आधी खात्री करा की दोष इंजिनाचाच आहे

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. गाडी जड चालते याचा अर्थ इंजिन कमी ताकद देतंय असाच होत नाही. दिलेली ताकद वाटेत कुठे तरी खर्च होत असू शकते.

पहिला संशय ब्रेकवर घ्या. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल जाम होते आणि ब्रेक सोडला तरी पॅड घासत राहतात. तपासणी अगदी सोपी आहे. फारसा ब्रेक न मारता चार-पाच किलोमीटर गाडी चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. हात लावू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तुमचा पिकअप त्या चाकात अडकलाय. शंका राहिलीच तर जॅक लावून चाक हाताने फिरवून बघा. टायरमधली हवा याच वेळी पाहून घ्या.

दुसरा संशय क्लचवर. सपाट रस्त्यावर, टॉप गिअरमध्ये, ताशी चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र त्या प्रमाणात पुढे सरकली नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. इंजिन आपलं काम करतंय.

तिसरी गोष्ट इतकी साधी आहे की कुणी तिच्याकडे बघतच नाही. एअर फिल्टरचं झाकण किंवा पाइप काढा, इंजिन बंद ठेवा, घरातल्या कुणाला तरी ॲक्सिलरेटरचं पेडल जमिनीपर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, पाकळी पूर्ण उभी होते का ते बघा. केबल सैल झालेली असते, किंवा पेडलखाली जाड मॅट दुमडलेली असते, आणि थ्रॉटल पाऊण उघडून थांबतो. अशा गाडीत कितीही नवे पार्ट घाला, उरलेला पाव भाग परत येणार नाही. फिल्टर हातात आलाच आहे तर उजेडाकडे धरून बघा. आरपार उजेड दिसत नसेल तर बदला.

एक गोष्ट दोष नसूनही दोष समजली जाते, ती म्हणजे उंची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथे हवा विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण १३ ते १५ टक्क्यांनी कमी होते. ८०० सारख्या ३७-३८ अश्वशक्तीच्या गाडीला हा फरक चांगलाच जाणवतो, त्यात चार माणसं आणि एसी असेल तर विचारायलाच नको. कार्बोरेटरच्या गाडीत तर विरळ हवेत पेट्रोलचं प्रमाणही जास्त होतं. वाईत उतरल्यावर गाडी पुन्हा नीट पळत असेल तर मेकॅनिककडे जाण्याची गरज नाही.

लक्षण कधी दिसतं ते लिहून काढा

इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, योग्य क्षणी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. यातलं काय कमी पडतंय हे लक्षण कोणत्या वेळी दिसतं यावरून बरंचसं कळतं. त्यामुळे गॅरेजला जाण्याआधी दोन-तीन दिवस गाडी लक्ष देऊन चालवा आणि कागदावर टिपून ठेवा. गार असताना त्रास होतो की गरम झाल्यावर? उभी असताना थरथरते की पळताना? हलका पाय असताना बरी चालते आणि दाबला की मरगळते का? पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर दम तोडते का?

उभ्या गाडीत आयडल (पाय न दाबता इंजिन चालतं ते) खडबडीत आणि वेगात मात्र ठीक, असं असेल तर बहुधा कुठून तरी जादा हवा आत शिरतेय, किंवा कार्बोरेटरमधला स्लो जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तुंबलाय. उलट आयडल सुरेख आणि चढाला किंवा जास्त वेगाला दम तुटतो, तर पेट्रोल पुरत नाहीये किंवा धूर बाहेर पडायला अडथळा आहे. थांबलेल्या गाडीत पाय दाबल्याबरोबर क्षणभर मरगळ येते आणि मग गाडी उसळते, तर कार्बोरेटरचा ॲक्सिलरेटर पंप (पाय दाबताच जादा पेट्रोल मारणारा) बघा. गरम झाल्यावर झटके सुरू होतात आणि अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा नीट, तर इग्निशन कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारी) किंवा टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप. आणि गाडी वीसेक किलोमीटर छान पळून हळूहळू मरत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा पळायला लागली, तर टाकीला हवा घ्यायची वाट बुजलेली आहे. टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

मेकॅनिकला 'पिकअप नाही' एवढंच सांगणं आणि 'गार असताना उत्तम, गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरला चढावर झटके' असं सांगणं यात अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा फरक पडतो.

एक सिलिंडर की सगळेच?

सगळ्या तपासणीत मला सर्वात मोलाचा वाटतो तो हा प्रश्न, कारण त्याच्या उत्तराने शक्यतांची यादी एका फटक्यात निम्मी होते. दोष एकाच सिलिंडरचा असेल तर कारण त्या सिलिंडरच्या स्वतःच्या गोष्टींत असतं: त्याचा प्लग, प्लगची वायर, त्याचा इंजेक्टर, त्याचे व्हॉल्व्ह, त्याच्या रिंगा. सगळेच सिलिंडर सारखे कमजोर असतील तर कारण सामाईक असतं: पेट्रोल पंप, फिल्टर, कॉइल, टायमिंग, सायलेन्सर. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक मेला की एक तृतीयांश ताकद गेली, त्यामुळे ८०० मध्ये हे लपत नाही. उभी गाडी एका ठरावीक लयीत हलत राहते आणि सायलेन्सरमधून 'फट्... फट्' असा तुटक आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत गाडी मिसिंग मारते.

ओळखायचं कसं? इंजिन आयडलवर चालू ठेवून एकेका सिलिंडरचं काम क्षणभर बंद करायचं. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच आणखी लंगडतं. ज्याला बंद केल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला आहे. एमपीएफआय गाडीत त्यासाठी इंजेक्टरचा कनेक्टर काढणं सुरक्षित. जुन्या गॅरेजांत प्लगची वायर चालू इंजिनावर ओढतात, पण तिथे हजारो व्होल्ट असतात आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत मॉड्यूलही जाऊ शकतं. ते काम रबरी पकड असलेल्या आणि सवय असलेल्या माणसाकडेच सोडा.

मग सगळे प्लग काढा आणि ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने एका कापडावर मांडा. क्रम चुकला तर ही तपासणी फुकट. आता उजेडात बघा. टोकाचं पांढरं चिनीमातीचं नळकांडं फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसलं तर ज्वलन नीट आहे. कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. काळं आणि ओलं, तेलकट चकाकणारं म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. खडूसारखं पांढरं, कधी टोकं झिजलेली, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा सिलिंडर फार तापतोय. जुनी मेकॅनिक मंडळी विटकरी रंग शोधतात, पण तो बराचसा शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि आजच्या पेट्रोलवर प्लगचा रंग एकूणच फिकट असतो.

रंगापेक्षाही तुलना महत्त्वाची. तिन्ही प्लग सारखे काळे असतील तर चोक अर्धवट अडकलाय का, फिल्टर बुजलाय का, कार्बोरेटरमधला फ्लोट गळतोय का ते बघायचं. दोन छान आणि एकच काळा-ओला असेल तर सगळं लक्ष त्या एका सिलिंडरकडे. त्या वेळी कार्बोरेटर खोलून काही हाती लागणार नाही.

याच्या जोडीला पीयूसीची पावती बघा. नळी सायलेन्सरमध्ये घालून खरोखर मोजलं असेल तर त्या कागदावर इंजिनाची नाडी छापलेली असते आणि आपण ती न वाचता डॅशबोर्डच्या खणात टाकतो. भारत स्टेज हे प्रदूषणाच्या सरकारी मानकांचे टप्पे. स्टेज २ च्या आधीच्या चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे, स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. पहिला आकडा जास्त म्हणजे पेट्रोलचं प्रमाण जास्त. पहिला कमी पण दुसरा मात्र बराच चढलेला, म्हणजे कुठल्या तरी सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय: मिसिंग. मागच्या तीन-चार पावत्या शेजारी ठेवल्या तर दोष अचानक आलाय की हळूहळू वाढलाय हेही कळतं.

ठिणगी आणि तिची वेळ

दमट हवेत, विशेषतः कोकणात, पावसाळ्याच्या सकाळी गाडी अडखळते आणि दुपारी सुधारते, तर आधी वायरी आणि डेल्को बघा. प्लगांना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडे सरसकट डेल्कोच म्हणतात. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरींवर किंवा कॉइलजवळ बारीक निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वीज प्लगपर्यंत पोचण्याआधीच गळतेय. डेल्कोच्या कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती तडा आहे, आणि पुसून जात नाही.

ठिणगी जोरदार असूनही चुकीच्या वेळी पडली तर ताकद जाते. इंजिन वेगाने फिरतं तेव्हा ठिणगी थोडी आधी पडावी लागते आणि डेल्कोच्या गाड्यांत हे काम दोन साध्या यंत्रणा करतात. एक म्हणजे आतली वजनं, जी वेग वाढला की बाहेर फेकली जातात. डेल्कोमधला फिरता रोटर बोटांनी फिरवून सोडला तर तो स्प्रिंगने मागे यायला हवा. जाम असेल तर वजनं गंजलीत. दुसरी म्हणजे बाहेरची तबकडीसारखी व्हॅक्यूम डबी. तिची रबरी नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने हवा ओढा आणि नळीच्या टोकाला जीभ लावून धरा. ओढ टिकली आणि आतली प्लेट हललेली दिसली तर ठीक. हवा नुसतीच येत राहिली तर पडदा फाटलाय. अशी गाडी हलक्या पायाने चालवताना मंद वाटते, ॲव्हरेजही घटतं, आणि कित्येक ट्यूनिंगमध्ये या डबीकडे कुणी बघितलेलं नसतं.

चोरून आत येणारी हवा, आणि न येणारं पेट्रोल

इंटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागाला, जोडलेल्या रबरी नळ्या वीस वर्षांत कडक होतात, वाकवल्या की चिरतात. ब्रेक बूस्टरची जाड नळी, क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या भागातून) वाफा परत आणणारी पीसीव्हीची नळी, कार्बोरेटरखालचं गास्केट या नेहमीच्या जागा. आयडलवर साबणाचं पाणी सांध्यांवर थोडं थोडं लावत जा. एखाद्या ठिकाणी पाणी लागताच आवाज क्षणभर बदलला तर भोक तिथेच आहे. पेट्रोल शिंपडून हीच तपासणी करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तापलेल्या सायलेन्सरजवळ ती अजिबात करू देऊ नका.

पेट्रोलच्या बाजूला कार्बोरेटरच्या गाडीत एक तपासणी डोळ्यांनी करता येते. इंजिन बंद, एअर फिल्टर काढलेला, टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघत हाताने थ्रॉटल झटक्यात उघडा. पेट्रोलची बारीक, सलग पिचकारी उडाली पाहिजे. पिचकारी उडाली नाही किंवा थेंब गळल्यासारखं झालं, तर ॲक्सिलरेटर पंपाचा रबरी पडदा गेलाय. पाय दाबल्यावर येणारी मरगळ तीच.

आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल, कारण हल्ली प्रत्येक दोष त्याच्या माथी मारला जातो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. एवढी घट खरी आहे. त्याशिवाय एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि इथेनॉलला ९. कार्बोरेटरचे जेट ठरावीक मापाचे, त्यांना टाकीत काय भरलंय ते कळत नाही, त्यामुळे मिश्रण आपोआप थोडं विरळ होतं. ज्या गाडीचं मिश्रण ॲव्हरेजसाठी आधीच कसून ठेवलंय ती यामुळे अडखळायला लागते. मिश्रणाचा स्क्रू पीयूसी मशीन लावून पुन्हा बसवला की पुष्कळ फरक पडतो. एमपीएफआय गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने हे स्वतः सांभाळते, सेन्सर जिवंत असेल तर. पण त्यापेक्षा मोठा त्रास वेगळाच आहे. इथेनॉल टाकीतला जुना थर सुटा करतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो, जुनी रबरं फुगतात आणि मऊ पडतात, बराच काळ उभ्या गाडीत ते हवेतलं पाणीही ओढून घेतं. म्हणून जुन्या गाडीत फिल्टर लवकर बदला आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या नळ्या एकदाच नव्या, इथेनॉल चालेल अशा रबराच्या टाका. टाकीत ओतायच्या बाटल्यांवर तेवढेच पैसे घालवण्यापेक्षा हा खर्च नक्की कामी येतो.

थर्मोस्टॅट काढून टाकलेली गाडी

याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण आपल्याकडे हा दोष माणसांनी मुद्दाम घातलेला असतो. गाडी एकदा तापली की अनेक ठिकाणी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकून देतात. 'आता गाडी तापणार नाही' असं सांगितलं जातं, आणि काटा खरोखरच खाली राहतो. पण इंजिन सुमारे ८५-९० अंशांवर चालण्यासाठी घडवलेलं आहे. थर्मोस्टॅट नसला की थंडीत, हायवेला, काटा पाव भागाच्या वर जातच नाही. एमपीएफआयचा कॉम्प्युटर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर वाचतो, इंजिन अजून गार आहे असं समजतो आणि जास्त पेट्रोल सोडत राहतो. प्लग काळे पडतात, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, ऑइल पातळ होतं. दोन-तीन वर्षांनी खरोखरच रिंगा जातात. तेव्हा जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते विचारू नका, उघडून बघा. नसेल तर बसवा. आणि त्यानंतर गाडी तापली तर ती का तापते ते शोधा: रेडिएटर तुंबलाय, पंखा उशिरा लागतोय, वॉटर पंप झिजलाय.

याच गाड्यांत डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवाही कधी कधी वायर तोडून बंद केलेला सापडतो. चावी 'ऑन' केली की तो क्षणभर पेटलाच पाहिजे. २०१० च्या आधीच्या गाडीला बाजारातला साधा ओबीडी स्कॅनर (कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र) जोडता येईलच असं नाही, त्या कंपनीची जुनी मशीन असलेला इलेक्ट्रिशियन शोधावा लागतो.

मागची वाट

१ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. वर्षानुवर्षं मिसिंग मारणाऱ्या गाडीत न जळलेलं पेट्रोल तिथे जळतं, जाळी वितळते आणि धुराची वाट बुजते. गाडी सुरू छान होते, आयडलही ठीक असतो, पण ठरावीक वेगाच्या पुढे जातच नाही. व्हॅक्यूम गेज (इंटेक मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं) लावलं तर हे लगेच उमगतं. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाचा आयडलवरचा काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर जवळपास स्थिर असतो, आणि उंचीबरोबर दर ३०० मीटरला साधारण एक इंच उतरतो. २५०० आरपीएमवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली सरकत गेला तर मागे वाट बंद आहे. काटा लयीत झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे पडलंय. हे साधन स्वस्त आहे, समजायला सोपं आहे आणि ते गॅरेजांतून जवळजवळ गायब झालंय याची मला हळहळ वाटते.

आणि मग कॉम्प्रेशन

इथवर सगळं ठीक निघालं तरच इंजिनाच्या आत बघायचं, आणि तेही आधी मोजून. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, न करता कुणी हेड उघडायला निघालं तर थांबवा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, अशा स्थितीत एकेका सिलिंडरला गेज लावून पाच-सहा फेरे स्टार्टर मारायचा. थ्रॉटल उघडायचा विसरला तर आकडे खोटे कमी येतात आणि चांगलं इंजिन वाईट ठरतं. अशा गाड्यांत १५० ते १८० पीएसआयच्या आसपासचा आकडा समाधानाचा, आणि सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. सायकलच्या हवा भरायच्या पंपाचा वायसर सुकला की दाब धरत नाही आणि तेलाचे दोन थेंब सोडले की पुन्हा धरतो, तसंच इथे होतं: आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय. वाढलाच नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गास्केट. आणि तिन्ही सारखेच कमी, ऑइल घालूनही फरक नाही, तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ सांभाळणारा पट्टा) एक दात सरकलेला असण्याची शक्यता आधी तपासा. ती गाडी इंजिन कामाशिवाय पुन्हा पळू शकते.

व्हॉल्व्हचं दुखणं असलं तरी हेड उतरवण्याआधी टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट मोजा. वाजणारा टॅपेट मालकाला बेचैन करतो, म्हणून मेकॅनिक तो घट्ट करून आवाज बंद करतो. पण फटच उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम वायू कडेने निसटतात आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडा वाजणारा टॅपेट मी खुशाल चालवून घेईन, अगदी गप्प झालेल्याकडे मात्र लगेच बघेन. सीएनजी लावलेल्या गाडीत तर हे आणखी महत्त्वाचं. सीएनजी कोरडा असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि फट आपोआप कमी होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी कित्येक वर्षं सीएनजीवर चालल्या, त्यातली शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तशी गाडी जपायची तर टॅपेट वेळच्या वेळी मोजावे लागतात. शिवाय सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर खपून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर लगेच मिसिंग दाखवतो. पेट्रोलवर टाकून गाडी सुधारते का, ही तिथली पहिली तपासणी.

सायलेन्सरचा धूरही साक्ष देतो. ॲक्सिलरेटर दाबताना निळा धूर आला तर रिंगा. घाट उतरताना पाय काढलेला असतो आणि तळाशी पुन्हा दाबल्यावर निळा ढग सुटतो, तर व्हॉल्व्ह सील, आणि ते काम रिंगांपेक्षा पुष्कळ स्वस्त. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर गाडी चालवणं थांबवा.

रिंगा गेल्याच आहेत हे आकड्यांनी ठरलं, तर काम टाळू नका, पण अर्धवटही करू नका. बोअरचं माप प्रत्यक्ष घेतल्याशिवाय नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर लंबवर्तुळाकार झिजलेल्या बोअरमध्ये त्या बसत नाहीत आणि सहा महिन्यांत धूर परत येतो. माप लेथवाल्याकडून लिहून घ्या, जुन्या रिंगा आणि पिस्टन ताब्यात मागा, व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट आणि थर्मोस्टॅट त्याच वेळी नवे घाला. काम झाल्यावर गाडी तासन् तास आयडलवर उभी ठेवू नका. रस्त्यावर काढा, वेग कमी-जास्त करत चालवा, आणि पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला.